नवापूरच्या वाऱ्यात मर्ढेकर

मर्ढेकरांच्या कवितेत नवापूर नाही. सुरूचं बन नाही, खाजण नाही, बोंबील वाळत घालायचे बांबू नाहीत. २० मार्च १९५६ला दिल्लीत ते गेले, तेव्हा इथे अणुवीज केंद्र नव्हतं, औद्योगिक वसाहत नव्हती. बोईसरला उतरलं की ताड दिसत असतील, भाताची खाचरं दिसत असतील, आणि पश्चिमेकडे चालत राहिलं तर तासा-दीड तासात समुद्राचा आवाज कानावर येत असेल. तरीही स्टेशनबाहेर शेअर रिक्षात बसून मी नवापूरच्या रस्त्याला लागते, कारखान्यांच्या भिंती दोन्ही बाजूंनी सरकू लागतात, एका फाटकापाशी कुजलेल्या फळासारखा गोडसर वास येतो आणि पुढच्याच वळणावर तो जाऊन घशात काहीतरी तिखट, जळकं उतरतं, मग अचानक भिंती संपतात, ताड उभे राहतात, आभाळ मोठं होतं, आणि वाऱ्यात मीठ येतं, तेव्हा त्या साऱ्या वाटेत माझ्यासोबत जो कवी असतो तो बालकवी नसतो, बोरकर नसतात. समुद्राकडे जाताना खरं तर बोरकर असायला हवेत.

असतात मर्ढेकर.

बाळ सीताराम मर्ढेकर. जन्म १ डिसेंबर १९०९, खानदेशातलं फैजपूर. मूळ गाव साताऱ्याकडचं मर्ढे. शिक्षण पुण्याला, मग इंग्लंडला; परत येऊन थोडी पत्रकारी, थोडी इंग्रजीची प्राध्यापकी, आणि पुढे आकाशवाणीची नोकरी. सेहेचाळीस वर्षांचं आयुष्य. कवितेची पुस्तकं तीन, तीही सडपातळ: ‘शिशिरागम’, ‘काही कविता’, ‘आणखी काही कविता’. एवढाच ऐवज. पण मराठी कवितेत एक रेघ आहे, तिच्या अलीकडे एक भाषा आहे आणि पलीकडे दुसरी, आणि ती रेघ १९४७ साली ‘काही कविता’नं ओढली हे मी कॉलेजात शिकले तेव्हा पाठ केलं होतं. पटलं मात्र फार नंतर, आणि वर्गात नाही, आमच्या मोरीत.

बाबा इथल्याच एका कारखान्यात होते. रात्रपाळी करून सकाळी घरी आले की आधी मोरीत जायचे. त्यांचा शर्ट आई वेगळ्या बादलीत टाकायची. त्याला एक वास असायचा, तो साबणानं जायचा नाही, उन्हानं जायचा नाही, कपाटातल्या इतर कपड्यांना लागू नये म्हणून तो शर्ट खिडकीच्या गजाला टांगलेला असायचा. नळाला पाणी अडखळत यायचं. आधी नळाच्या घशातून हवा, मग लाल पाण्याची एक गुळणी, मग धार, मग पुन्हा हवा. त्या धारेखाली बाबा डोळे मिटून उकिडवे बसायचे आणि भीमरूपी म्हणायचे. पाणी थांबलं की स्तोत्र थांबायचं नाही. अंगाला साबण तसाच, केसांवर फेस तसाच, आणि आवाज मात्र सलग, संथ, जणू ते नदीच्या पात्रात कमरेइतक्या पाण्यात उभे आहेत. मी दाराशी दप्तर घेऊन उभी असायची. शाळेला उशीर होत असायचा.

पुढे कित्येक वर्षांनी मर्ढेकरांची ती कविता वाचली, जिच्यात एक माणूस किती दिवसांत चांदण्यात गेलो नाही, नदीत डुंबलो नाही म्हणून हळहळतो, आणि मग शहरातल्या पाऱ्याच्या दिव्यालाच चांदणं मानून, नळाच्या अडखळत्या धारेखाली डोकं धरून, ओठांवर वेदमंत्र आणतो. मी पुस्तक मिटलं. मौजेनं १९५९ साली काढलेलं ‘मर्ढेकरांची कविता’, जुन्या बाजारात मिळालेलं, खाऱ्या हवेनं पानांच्या कडा तपकिरी झालेलं. बाबा त्या पुस्तकात होते. त्यांनी आयुष्यात कविता वाचली नव्हती, पण ती कविता त्यांच्या अंगावरून रोज सकाळी वाहत होती, साबणासकट, त्या न जाणाऱ्या वासासकट. आणि मला तेव्हा कळलं की मर्ढेकरांना कडवट म्हणणारे, भकास म्हणणारे, यंत्रयुगाच्या वैफल्याचे कवी म्हणून त्यांच्या कपाळी चिठ्ठी चिकटवणारे अभ्यासक त्यांच्या कवितेच्या उंबऱ्यावरूनच परत गेले असणार. आत गेले असते तर तिथे कोणीतरी न्हाताना स्तोत्र म्हणतंय हे ऐकू आलं असतं.

लंडनमध्ये मर्ढेकर शिकत होते तो काळ एलियटच्या दिगंत कीर्तीचा. एलियट मूळचा अमेरिकेचा, मिसिसिपीकाठच्या सेंट लुइस गावचा, १८८८चा. इंग्लंडला येऊन राहिला, बँकेत नोकरी केली, आणि १९२२ साली ‘द वेस्ट लँड’ लिहून इंग्रजी कवितेची जुनी बैठक उलटीपालटी करून टाकली. धुक्यातले कारकून, थकलेल्या टायपिस्ट मुली, मळलेली नदी हे सगळं त्यानं कवितेत आणलं आणि कवितेला त्याचा विटाळ झाला नाही. मर्ढेकरांवर त्याची दाट सावली आहे असं सगळेच म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण मला त्या दोघांच्या वाटा जिथे फुटतात ती जागा जास्त ओढते. अमेरिकेहून आलेला तो कवी आपली उजाड भूमी ओलांडता ओलांडता शेवटी बृहदारण्यक उपनिषदातल्या मेघगर्जनेपाशी पोचला. आमचा कवी लंडनहून परत आला आणि तुकोबांच्या, रामदासांच्या ओसरीवर येऊन बसला. अभंगाचा तो छोटा, साडेतीन चरणांचा श्वास, दिंडीत चालताना पावलांना पुरणारा, दळताना जात्याला पुरणारा, त्यात त्यानं विजेची गाडी बसवली, चहा बसवला, कचेरी बसवली. सकाळी उठावं, चहा घ्यावा, गाडी गाठावी, साहेबापुढे लाचार व्हावं. काहींना हे विडंबन वाटतं. मला कधीच वाटलं नाही. ज्याला खिल्ली उडवायची असते तो आपल्या आजीचा सूर उसना घेत नाही. कारकुनाच्या दिवसालाही अभंगाइतकी प्रतिष्ठा आहे, त्याचं जगणंही कोणीतरी वीणा हातात घेऊन गावं असं आहे, हे मर्ढेकरांना म्हणायचं होतं, आणि ते म्हणताना त्यांचा गळा दाटला होता.

२०१३च्या एप्रिलपासून विरारची लोकल डहाणूपर्यंत येऊ लागली. बोईसरच्या फलाटावर संध्याकाळी ती थांबते तेव्हा दारांतून माणसं सांडतात. पूल चढतात, एकाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा, डबा छातीशी, नजर पुढच्याच्या पाठीवर. लोकलमधून उतरणाऱ्या माणसांना मर्ढेकरांनी मुंग्या म्हटलं होतं. पण त्या रांगेत पहिली मुंगी त्यांनी स्वतःला केलं होतं, हे आपण विसरतो. पुलावर उभं राहून खाली बघणारा कवी वेगळा आणि पुलावरून त्याच लोंढ्यात चालणारा वेगळा. मर्ढेकर चालत होते.

हेही खरं, की ते भट्टीपाशी उभे राहिले नाहीत. त्यांनी यंत्र पाहिलं ते कचेरीच्या खिडकीतून, गाडीच्या दारातून. हाताला घट्टे पडलेला माणूस कवितेत स्वतःच्या आवाजात बोलू लागला तो नारायण सुर्व्यांपासून, ‘ऐसा गा मी ब्रह्म’पासून, म्हणजे १९६२पासून. बाबांना सुर्वे जास्त जवळचे वाटले असते. पण सुर्व्यांना ज्या भाषेत यायचं होतं तिचं दार आधी कोणीतरी उघडून ठेवलं होतं. डांबर, पिंप, बल्ब, पेट्रोल या सगळ्यांना आत घेताना मराठी कवितेनं नाक मुरडू नये याची सोय आधी झाली होती. पुढे चित्रे आले, कोलटकर आले, त्यांनी कुठल्या कुठे मजल मारली, तरी निघाले ते याच दारातून.

दार उघडल्याची किंमत मर्ढेकरांनी मोजली. ‘काही कविता’वर अश्लीलतेचा खटला झाला. एका हळव्या, संकोची, देवाशी बोलणाऱ्या माणसाला कोर्टात उभं राहून आपल्या ओळी स्वच्छ आहेत हे ऐकवावं लागलं. ते निर्दोष सुटले. पण त्या दिवसांत घरी परतल्यावर त्यांनी आपलंच पुस्तक हातात घेतलं असेल का, घेतलं असेल तर कुठलं पान उघडलं असेल, हा विचार मला आजही बेचैन करतो.

नवापूरला गेले की मी बहुधा एका आजींपाशी टेकते. मांगेला बाई, चेहरा उन्हानं आणि मिठानं कोरलेला, हात मात्र मुलीच्या हातांसारखे चपळ. ती दोन बोंबील घेते, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवते आणि ती जोडी दोरीवर टाकते. एक दोरीच्या अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. पुन्हा दोन. पुन्हा दोन. ओले बोंबील काचेसारखे असतात, त्यांच्यातून ऊन आरपार जातं, कण्याची बारीक रेघ दिसते, आणि दोरीच्या दोरी भरली की किनाऱ्यावर उजेडाचाच एक पडदा हलत राहतो. मी बघत बसते. ती बोलत राहते.

“बाय, आता वारा दर्यावरून हाय तवर हे सगळं टाकून घेते. कारखान्याकडचा सुटला का तोंडाला फडका बांधून काम करायला लागतं.”

ती हे तक्रार म्हणूनही सांगत नाही. भरती किती वाजता आहे हे सांगावं तसं सांगते.

औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी नळानं इथवर येतं आणि नवापूरच्या समुद्रात जातं. प्रक्रिया करून सोडतात असं म्हणतात; किती केली आणि किती राहिली यावर वर्षानुवर्षं भांडण चालू आहे, मांगेला समाजाची परिषद त्यासाठी हरित लवादापर्यंत गेली. किनाऱ्यावर मात्र कागद वाचता येत नाहीत, पाणी वाचता येतं. एका ओहोटीला मी दांडीच्या बाजूला चालत गेले होते. भरतीनं मागे ठेवलेल्या रेघेवर मासे पडले होते. लहान, बोटभर, चंदेरी, ज्यांना बाजारात नाव नसतं असे. एकावर एक. तोंडं उघडी. अंगावर कुठेही जाळ्याची खूण नव्हती, गळाची नव्हती, चोचीची नव्हती. कोणी मारल्याची काही निशाणी नव्हती आणि ते मेले होते.

मर्ढेकरांची पिंपातल्या उंदरांची कविता मी शाळकरी वयात वाचली तेव्हा मला तिची किळस आली होती, आणि पुढे तिच्यावरचं समीक्षेचं ओझं वाचून तिचा कंटाळा आला होता. त्या दिवशी वाळूत गुडघे टेकून त्या माशांकडे बघताना ती कविता पहिल्यांदा साध्या डोळ्यांनी दिसली. एक माणूस पिंपापाशी वाकला आहे. त्यानं नाक धरलेलं नाही. तो त्या इवल्या मेलेल्या जिवांच्या मानांकडे बघतो आहे, त्यांच्या डोळ्यांकडे, ओठांकडे, इतक्या जवळून की त्यांचं जगणंही सक्तीचं होतं आणि मरणंही, हे त्याला दिसतं आहे. महायुद्ध नुकतंच संपलेलं, माणसं कीटकांसारखी मारून झालेली, त्या सगळ्या मरणाला रडायला त्यानं उंदीर निवडले. ज्यांच्यासाठी कोणीच रडत नाही त्यांना निवडलं. मी त्या रेघेवरून उठले तेव्हा माझ्या गुडघ्यांना ओली वाळू चिकटली होती, आणि तिला नेहमीचा वास नव्हता.

समोर, उत्तरेला, किनाऱ्यावर तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या इमारती धुरकट दिसतात. देशातलं पहिलं, १९६९ साली वीज देऊ लागलं. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या. पन्नास वर्षांहून अधिक काळ तो उजेड या किनाऱ्यावरून तारांनी दूर जातो आहे. अमेरिकेत जन्मलेल्या एका माणसाची कविता लंडनमार्गे मर्ढेकरांपर्यंत आली आणि अमेरिकेत आखलेलं एक यंत्र समुद्रमार्गे तारापूरला आलं. दोन्हींनी आमचं जग बदललं, आणि दुसऱ्यानं बदललेलं जग सोसायला मला पहिल्याची मदत झाली. एवढंच मनात येतं. याहून मोठा अर्थ मी त्यातून काढत नाही.

मला त्यांची माघातल्या पहाटेची कविता फार प्रिय आहे. मुंबईच्या बंदरावर उजाडतंय, आणि त्या उजेडाला त्यांनी न्हाऊन आलेल्या, दिवस गेलेल्या बाईचं तेज दिलं आहे. गवळी कावड घेऊन निघालेत, धक्क्यावर बोटी अजून झोपेत आहेत, कुठून चहाचा वास, कुठून धुराचा, डांबरी रस्त्यावर भुरकट शांतता. धूर आणि चहा यांना एकाच श्वासात, एकाच मायेनं घेणारा हा माणूस. जिवंत गोष्टींना वास असतो हे सगळ्या कवींना ठाऊक होतं. निर्जीवांनाही असतो, आणि पहाटेच्या त्या घटकेला तोही कोवळा असतो, हे मराठीत त्यांच्याआधी कोणाच्या नाकाला जाणवलं होतं? बोईसरला थंडीच्या दिवसांत पहाटपाळीची माणसं टपरीपाशी उभी असतात. मफलर कानांवर, काचेचा ग्लास दोन्ही हातांत. मागे कारखान्याचे नळ, त्यांच्या सांध्यांवर दव साचलेलं, आणि पूर्वेला नुकतं तांबूस होतंय. पाच-सात मिनिटांची ती वेळ. मग भोंगा होतो. पण त्या पाच-सात मिनिटांत ते लोखंड, तो पत्रा, ती तारेची जाळी, दवानं न्हालेली, इतकी कोवळी दिसतात की हात लावावासा वाटतो.

पावसाचंही तसंच. आषाढ-श्रावणावर त्यांनी लिहिलं तेव्हा चाळीतली ओली चिरगुटंही त्या पावसात आली, कौलंही आली, आणि कवितेचं काही बिघडलं नाही; उलट पाऊस पहिल्यांदा सगळ्यांवर पडला. नवापूरला पहिला पाऊस येतो तो समुद्रावरून चालत येतो, दिसत येतो, राखाडी भिंत सरकत सरकत होड्यांपर्यंत, मग सुरूपर्यंत, मग आपल्यापर्यंत. पुढे वसाहतीवर जातो. धुराड्यांवर, पत्र्यांवर, रसायनांच्या निळ्या पिंपांवर, फाटकापाशी छत्री नसलेल्या सुरक्षारक्षकावर. त्या दिवसापुरता वास बदलतो. बाबा म्हणायचे, आज शर्ट धुवायला टाकू नकोस, पावसातून आलोय.

त्यांची एक प्रार्थना आहे. मला मर्ढेकर म्हणजे शेवटी ती प्रार्थना वाटते. आतलं दगडपण फुटावं, मनात साचलेलं आंबट, जाळणारं सगळं ओसरावं, मीपणाचा कद्रूपणा जावा, सगळ्यांना पोटाशी धरता यावं. मागणं संतांचं आहे, पण मागणारा विसाव्या शतकातला आहे; बुद्धीनं नमावं कसं हे सांगताना तो फुलांनी लवलेल्या फांदीकडे बघत नाही, भट्टीतल्या पोलादाकडे बघतो. आणि त्यात दोन गोष्टी तो एकत्र मागतो: समोर येईल ते बघण्याचं धाडस, आणि बघताना विनय. एकटं धाडस मागितलं असतं तर तो नुसता बंडखोर झाला असता. एकटा विनय मागितला असता तर उंदरांवरून नजर वळवून मोकळा झाला असता. दोन्ही हवेत. दांडीच्या रेघेवर गुडघे टेकताना दोन्ही लागतात. धाडस खाली वाकायला लागतं, आणि विनय लागतो तो तिथून उठून लगेच कोणाला तरी शिव्या घालून आपलं मन हलकं करून न घेण्यासाठी.

प्रार्थनेच्या शेवटी मर्ढेकर अशा ठिकाणी जातात जिथे देणाराही तोच आणि घेणाराही तोच, मग काय मागायचं आणि कोणी द्यायचं. तिथवर मी त्यांच्या मागून जाऊ शकत नाही. मी पोलादापाशी थांबते. त्यांचं मागणं विरलं. माझं अजून शिल्लक आहे, आणि ते मी या किनाऱ्यावर उभी राहून मोठ्यानं मागते. खाडीच्या तोंडाशी पाणी पुन्हा पाण्याच्या रंगाचं व्हावं. नवापूरच्या, दांडीच्या, उच्छेळीच्या होड्या परततील तेव्हा जाळं जड असावं. भट्टीपाशी उभ्या असलेल्या, ओडिशातून नाहीतर झारखंडातून आलेल्या पोरांना नुसती पाळी नको, नाका-तोंडाला धड संरक्षण मिळावं, आणि घरी फोन केला की खोकला लपवावा लागू नये. आजींनी दोरी भरत आणली असताना वारा फिरला तरी पदराला हात जाऊ नये. आणि रात्रपाळी करून आलेला कोणी बाप सकाळी नळाखाली उकिडवा बसेल, तेव्हा त्याचं स्तोत्र संपेपर्यंत तरी धार तुटू नये.